चेसिसला कोणतं टोक?

जुन्या पिकअपमध्ये नवी बॅटरी बसवताना आजचा मेकॅनिक लाल टोक सेल्फकडच्या केबलला लावतो, काळं चेसिसला लावतो आणि हात पुसतो. त्याला तसंच शिकवलेलं असतं आणि आजच्या गाड्यांना ते बरोबरच आहे. पण समोरची गाडी १९५१ सालची फोर्ड असेल, तर त्यानं बॅटरी उलटी जोडलेली असते. त्या गाडीचं प्लस टोक चेसिसला जातं. कंपनीनंच ती तशी बांधली आहे. शेजारी त्याच सालची शेवरोले पिकअप उभी असेल, तर तिचं मात्र मायनस चेसिसला. दोन्ही गाड्या अमेरिकन, दोन्ही सहा व्होल्टच्या, आणि दोघींची अर्थ, म्हणजे चेसिसला जाणारं टोक, एकमेकींच्या विरुद्ध.

मी मुंबईत कुर्ल्याला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. माझे वडीलही हेच काम करत. हौसेनं जुन्या गाड्या सांभाळणारे मालक माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना गाडीची बाकी सगळी कुंडली पाठ असते. कार्बोरेटर मूळचा आहे का, रंग कोणत्या साली बदलला, हेडलाइटची काच कुठून आणली, सगळं सांगतात. बॅटरीच्या दोन केबलींबद्दल कोणी बोलत नाही. मला मात्र त्या दोन केबली गाडीचा जन्मदाखला वाटतात. गाडी कोणी, कोणत्या काळात आणि कोणत्या समजुतीनं बांधली, हे त्या सांगतात. तो इतिहास माहीत नसल्यामुळे चांगल्या गाड्या जळताना मी पाहतो, म्हणून हे लिहायला बसलो.

शिशाची बॅटरी मोटारीपेक्षा वयानं मोठी आहे. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांची, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी तयार केली. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी प्लेटींवर शिशाच्या संयुगाचा लेप द्यायची युक्ती काढली आणि बॅटरी कारखान्यात घाऊक बनू लागली. पण सुरुवातीच्या मोटारींना तिची फारशी गरज नव्हती. इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं, ठिणगी मॅग्नेटो द्यायचा, दिवे अ‍ॅसिटिलीनवर किंवा रॉकेलवर जळायचे. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली, तिचा मॅग्नेटो तर फ्लायव्हीललाच बसवलेला होता. इंजिनानं उलटा झटका दिला की हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडायचं, तरी लोक तशीच गाडी चालवत होते.

हे चित्र चार्ल्स केटरिंग यांच्या सेल्फनं बदललं. १९१२ च्या कॅडिलॅकला तो पहिल्यांदा कंपनीतूनच बसून आला. त्याआधीच्या लोकांना वाटायचं की इंजिन फिरवायचं तर मोटर अगडबंब हवी. केटरिंग यांनी पूर्वी रोकड मोजायच्या यंत्रासाठी छोटी विजेची मोटर बनवली होती. तिथून त्यांना कळलं होतं की मोटरीला काही क्षणच काम करायचं असेल, तर छोट्या मोटरीतूनही भरमसाट करंट सोडता येतो. ती तापायच्या आत काम संपतं. बॅटरी केबलीचा सगळा इतिहास या कल्पनेतून निघतो. दिव्याला पाच-सात अँपिअर पुरतात, सेल्फला दीडशे-दोनशे लागतात, तेही कमी व्होल्टवर. तेव्हापासून गाडीत एक जाड केबल आली, आणि तेवढाच करंट परत आणायला तेवढीच दमदार अर्थ लागू लागली.

फोर्डनं १९१९ पासून मॉडेल टीला सेल्फ आणि बॅटरी द्यायला सुरुवात केली. पुढे १९२५ मध्ये त्याच मॉडेल टीवर कंपनीनं मागे उघडा हौदा बसवून विकायला काढला. फोर्डच्या कारखान्यातून तयार होऊन निघालेली पहिली पिकअप ती. म्हणजे पिकअप जन्माला आली तेव्हा बॅटरी तिच्यात बसलेली होती. आणि त्या मॉडेल टीचं मायनस टोक चेसिसला होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चेसिसला टोक लावायचंच का, हा प्रश्न शिकाऊ मुलं विचारतात आणि तो योग्य आहे. कुठल्याही दिव्याला दोन वायरी लागतात, एक करंट नेणारी आणि दुसरी परत आणणारी. गाडीत बसल्या जागी लोखंडाचा एवढा मोठा सांगाडा असताना परतीची वायर वेगळी कशाला ओढायची, असा विचार झाला. लोखंड हे तांब्याच्या मानानं सात-आठ पट वाईट वाहक आहे, पण चेसिसचा लोखंडी पट्टा वायरीपेक्षा कितीतरी पट जाड असतो, त्यामुळे हिशेब जमतो. निम्मं तांबं वाचलं, वायरिंग सोपं झालं. पण त्याची एक किंमत होती. गाडीतलं निम्मं वायरिंग दिसेनासं झालं. ते बोल्टांमधून, रिबेटांमधून, वॉशरच्या खालून जातं. तिथे रंग आला, गंज आला, ग्रीस आलं की ते तुटतं, आणि तुटलेलं दिसत नाही.

आता दोन टोकांपैकी कोणतं चेसिसला द्यायचं? दिवा प्लसकडून पेटला काय आणि मायनसकडून पेटला काय, सारखाच उजेड देतो. त्या काळच्या सेल्फच्या मोटरीलाही फरक पडत नाही. तिच्या फील्डलाही तारेचं वेटोळं असतं, त्यामुळे टोकं उलटली तर आर्मेचर आणि फील्ड दोन्ही एकदम उलटतात आणि मोटर त्याच दिशेनं फिरते. म्हणून कंपन्यांना दोन्ही वाटा मोकळ्या होत्या, आणि प्रत्येकीनं आपापली निवडली.

फोर्डनं १९२८ मध्ये मॉडेल ए काढली आणि मॉडेल टीची रीत सोडून प्लस टोक चेसिसला दिलं. मग १९५५ पर्यंत फोर्डच्या पिकअप प्लस अर्थच्याच राहिल्या. १९४८ मध्ये आलेली एफ-वन त्यातलीच. क्रायसलरच्या डॉज पिकअप पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत प्लस अर्थच्या, स्टुडबेकरही तशीच. जनरल मोटर्सची शेवरोले मात्र मायनस अर्थवर ठाम राहिली, आणि युद्धात नाव कमावलेली विलीजची जीपही मायनस अर्थची. इंग्लंडमध्ये गाड्यांना विजेचं सामान पुरवणाऱ्या लुकास कंपनीनं तिशीच्या दशकाच्या मध्यानंतर जवळजवळ सगळ्या इंग्रजी गाड्या प्लस अर्थवर नेल्या. त्या साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तशाच चालल्या.

प्लस अर्थमागे दोन कारणं सांगितली जात. पहिलं गंजाचं. ओल असताना दोन धातूंमधून करंट वाहिला, तर प्लसकडचा धातू झिजतो आणि मायनसकडचा वाचतो. हे ज्ञान मोटारीच्या फार आधीचं. १८२४ मध्येच हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा दुसरा धातू जोडून वाचवायचा प्रयोग केला होता. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तर आजही अठ्ठेचाळीस व्होल्टच्या बॅटरीचं प्लस टोक जमिनीला असतं, म्हणजे जमिनीखालच्या तांब्याच्या वायरी झिजत नाहीत. मोटारवाल्यांनी तोच विचार केला: तांब्याची नाजूक टर्मिनलं मायनसवर ठेवू, झिजायचंच असेल तर जाडजूड चेसिस झिजू दे. दुसरं कारण ठिणगीचं. प्लगची मधली दांडी कडेच्या दांडीपेक्षा जास्त तापते, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन लवकर सुटतात. म्हणून मधली दांडी मायनस असली की ठिणगी कमी व्होल्टवर उडते. पण हे साधायला अर्थ बदलायची गरज नाही, कॉइलच्या दोन वायरी बरोबर लावल्या की झालं. गंजाचा मुद्दा टेलिफोनच्या वायरींना जितका खरा ठरला तितका गाडीला ठरला नाही, कारण गाडीच्या वायरीत करंट चोवीस तास वाहत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांमध्ये गंज अर्थच्या टोकामुळे कमी-जास्त झाल्याचं मी पाहिलेलं नाही. तो पावसामुळे, अ‍ॅसिडमुळे आणि कोकणातल्या खाऱ्या हवेमुळे होतो.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हा प्रश्न निदान कंपनीपुरता सुटलेला होता. फोर्डच्या गॅरेजात फोर्ड यायची, शेवरोलेच्या गॅरेजात शेवरोले. मुंबईत सगळ्याच आल्या. फोर्डनं १९२६ मध्ये आपल्या कॅनडाच्या कंपनीमार्फत भारतातली कंपनी काढली आणि मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला कारखाना उघडला. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो, फार्गो या क्रायसलरच्या बनावटी बाहेर पडू लागल्या. त्याच साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्यात युद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेले ट्रक आणि जीपगाड्या आल्या. एकाच शहरात प्लस अर्थवाले आणि मायनस अर्थवाले शेजारी शेजारी तयार होत होते आणि एकाच कोपऱ्यावरच्या वायरमनकडे दुरुस्तीला येत होते.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली बस धावली. सुरुवातीच्या त्या ताफ्यात दहा बनावटींच्या गाड्या होत्या: शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. ही यादी वाचली की मला त्या डेपोंमधल्या इलेक्ट्रिशियनांबद्दल आदर वाटतो. अमेरिकन, इंग्रजी आणि इटालियन रीत त्यांना रोज एका अंगणात सांभाळावी लागली असणार, आणि त्यातल्या शेवरोले आणि स्टुडबेकर या एका देशाच्या दोन गाड्यांचीही अर्थ जुळत नव्हती.

वडील याच घोळात काम शिकले. त्यांची एक सवय मी उचलली आहे. बॅटरी काढायच्या आधी ते बॅटरीच्या पेटीशेजारी पांढऱ्या रंगानं चेसिसवर अधिक किंवा उणे काढून ठेवत. रंगाच्या केबलींवर त्यांचा विश्वास नव्हता. त्या वेळच्या केबली बहुतेक काळ्याच असत, आणि अर्थला तर तांब्याच्या तारांची विणलेली उघडी पट्टी असे. "केबल कोणीही बदलतो, आधी खांब बघ," असं ते सांगत. खांब म्हणजे बॅटरीची शिशाची टोकं. प्लसचा खांब मायनसपेक्षा थोडा जाड असतो. मूळ क्लॅम्प त्याच मापाचा असतो, म्हणून अर्थच्या पट्टीचा क्लॅम्प जाड खांबावर नीट बसला आणि बारीक खांबावर सैल पडला, तर ती गाडी प्लस अर्थची. नवशिके मात्र सैल क्लॅम्पमध्ये पत्र्याचा तुकडा कोंबतात आणि गाडीनं दिलेली सूचना बुजवून टाकतात.

अर्थचा दुसरा धडा इंजिनाच्या रबरांनी शिकवला. जुन्या गाड्यांमध्ये इंजिन चेसिसवर थेट लोखंडाला लोखंड लावून बोल्टांनी आवळलेलं असे. बॅटरीचं टोक चेसिसला लावलं की ते आपोआप इंजिनापर्यंत पोहोचायचं. १९३१ मध्ये प्लिमथनं इंजिन रबरी पायांवर बसवायची पद्धत आणली, गाडीची थरथर कमी झाली आणि हळूहळू सगळ्यांनीच रबर घेतलं. पण रबर वीज नेत नाही. सेल्फ इंजिनाला बसलेला, त्याचा परतीचा रस्ता इंजिनातून, आणि इंजिन रबरावर तरंगणारं. म्हणून इंजिनापासून बॉडीला किंवा चेसिसला एक वेगळी अर्थ पट्टी द्यावी लागली. गाडी उघडताना सगळ्यात आधी हरवते ती हीच पट्टी, कारण ती सुटली तरी दिवे लागतात, हॉर्न वाजतो आणि कोणाला काही कळत नाही.

साताऱ्याकडच्या एका बागायतदारांची एफ-वन पिकअप माझ्याकडे टेम्पोत घालून आली. एका कारखान्यात तिचं सगळं नवं करून घेतलं होतं. रंग आरशासारखा चकाकत होता. बॅटरी नवी, सेल्फ नव्यानं भरलेला. तरी बटण दाबलं की सेल्फ एक उंह करायचा आणि थांबायचा. "मिस्त्री, दोन बॅटऱ्या बदलल्या. आता इंजिनच जाम आहे म्हणतायत," ते म्हणाले.

मी बॉनेट उघडून त्यांना बटण दाबायला सांगितलं. चोकच्या वायरीच्या वेटोळ्यातून बारीक धूर निघाला. हात जवळ नेला तर ती तापलेली लागली. "काका, बस. आता दाबू नका," मी सांगितलं. इंजिन ते बॉडी अशी पट्टी लावलेलीच नव्हती. सेल्फचा सगळा करंट परतायला वाट शोधत होता, आणि त्याला चोकची बारीक वायर मिळाली होती. दुसरा दोष त्याहून लपलेला. बॅटरीची अर्थ पट्टी जिथे बॉडीला आवळतात, तिथेही रंगाचे थर दिलेले होते आणि बोल्ट रंगावरूनच आवळला होता. वरून सगळं घट्ट आणि सुंदर, आत धातूला धातू लागलेलाच नाही.

पॉलिश पेपरनं ती जागा रुपयाएवढी घासून लखलखीत केली, दातेरी वॉशर टाकला, पट्टी आवळली आणि मग वरून ग्रीस दिलं. ग्रीस आधी नाही, नंतर. ते पाणी अडवायला असतं. इंजिनाच्या बोल्टापासून बॉडीला तांब्याची विणलेली नवी पट्टी टाकली. बॅटरीचं प्लस टोक अर्थला आहे हे तपासलं. त्या गाडीचं तेवढं मात्र कोणी बिघडवलेलं नव्हतं. सेल्फनं इंजिन पहिल्याच दाबात उचललं. इंजिनाला काही झालेलं नव्हतं.

सहा व्होल्टच्या गाडीला कच्ची अर्थ इतकी का बाधते, याचा हिशेब सोपा आहे. तेवढ्याच ताकदीच्या सेल्फला बारा व्होल्टवर शंभर अँपिअर लागत असतील, तर सहा व्होल्टवर दोनशे लागतात. समजा अर्थच्या जोडात एका ओहमचा फक्त दोनशेवा भाग एवढा अडथळा आहे. शंभर अँपिअरला तिथे अर्धा व्होल्ट गळतो, बारातला अर्धा. दोनशे अँपिअरला एक व्होल्ट गळतो, सहातला एक. म्हणजे त्याच गंजलेल्या बोल्टाचा फटका सहा व्होल्टच्या गाडीला चौपट बसतो. "सहा व्होल्टच्या गाड्या मुळातच मरतुकड्या," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते खरं नाही. याच गाड्यांनी अमेरिकेतल्या गोठवणाऱ्या थंडीत इंजिनं उचलली आहेत. त्यांना मूळच्या मापाची केबल लागते, पन्नास चौरस मिलीमीटर किंवा त्याहून जाड. दुकानातून तयार मिळते ती पंचवीस किंवा पस्तीसची, बारा व्होल्टच्या गाडीसाठी बनवलेली. ती सहा व्होल्टला लावली की सेल्फ रडतो आणि दोष बॅटरीला लागतो.

सहा व्होल्टची गच्छंती मोठ्या इंजिनांमुळे झाली. पन्नाशीत अमेरिकेत व्ही-एट इंजिनांचा दाब वाढला, ती फिरवायला जास्त ताकद लागू लागली, शिवाय रेडिओ, हीटर आणि जास्तीचे दिवे आले. शेवरोलेनं १९५५ च्या नव्या मॉडेलच्या ट्रकना बारा व्होल्ट दिले. फोर्डनं १९५६ मध्ये बारा व्होल्ट घेतले आणि त्याच वेळी अर्थही बदलून मायनस केली. क्रायसलरनंही त्याच सुमाराला तेच केलं. १९६० मध्ये क्रायसलरनं व्हॅलियंट गाडीला डायनॅमोऐवजी अल्टरनेटर दिला, त्यात सिलिकॉनचे डायोड होते. डायनॅमोला उलटी बॅटरी काही वेळ तरी चालून जायची. डायोडला क्षणभरही चालत नाही, टोक टेकल्याबरोबर जळतो. रेडिओत ट्रान्झिस्टर आले तेही तसेच. आता सगळ्या जगाला एकच रीत हवी होती आणि ती मायनस अर्थची ठरली. इंग्रजी गाड्या सगळ्यात शेवटी वळल्या.

आपल्याकडे तोपर्यंत दृश्य बदललं होतं. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनं ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी इथे राहू नये, इथे बनवायची तयारी असेल त्यांनीच राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स मुंबईतून गेल्या. त्यांच्या गाड्या मात्र मागे राहिल्या, आणि त्यांच्या शेजारी दोन नवी घराणी वाढली: इंग्रजी मॉरिसवरून आलेली प्लस अर्थची अँबॅसॅडर आणि इटालियन फियाटवरून आलेली मायनस अर्थची, कुर्ल्यातच बनणारी फियाट. वायरमनच्या कामातला दुहेरीपणा त्यामुळे आणखी काही वर्षं टिकला. ती पिढी आता राहिली नाही आणि तिच्याबरोबर विचारायची सवयही गेली. आजच्या मुलाच्या डोक्यात चेसिस म्हणजे मायनस एवढंच पक्कं बसलं आहे.

म्हणून जुनी पिकअप ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी जोडणीची रीत इथे लिहून ठेवतो.

आधी अर्थ कोणती ते ठरवा. गाडीची बनावट आणि साल बघा, कंपनीचं पुस्तक मिळालं तर बघा, रेग्युलेटरवरची पाटी वाचा, क्लॅम्पचं माप बघा. नक्की झाल्याशिवाय बॅटरी पेटीत ठेवू नका.

काढताना अर्थ आधी काढायची, लावताना अर्थ शेवटी लावायची. इथे अर्थ म्हणजे मायनस नव्हे. चेसिसला जाणारं टोक, मग ते प्लस असो वा मायनस. कारण सरळ आहे. अर्थ लागलेली असताना दुसऱ्या टोकावरचा पाना बॉडीला टेकला, तर पूर्ण बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीनं भडकतो. बॅटरीचं झाकण उडून अ‍ॅसिड तोंडावर आलेली माणसं आमच्या धंद्यात आहेत. डोळ्यांवर चष्मा ठेवा, हातातलं कडं आणि अंगठी काढा. सांडलेलं अ‍ॅसिड खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

जोडून झाल्यावर अर्थ तपासा. व्होल्टमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खांबावर ठेवा, क्लॅम्पवर नको. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. मग सेल्फ मारा. काटा अगदी थोडा हलला पाहिजे. सहा व्होल्टच्या गाडीत एक-दोन दशांश व्होल्टच्या वर गेला तर कुठेतरी जोड कच्चा आहे. मग तेच खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन असं टप्प्याटप्प्यानं मोजा, चोर सापडतो. मीटर नसेल तर सेल्फ मारून झाल्यावर प्रत्येक जोडाला हात लावा. जो तापलाय तो खराब.

बॅटरी पूर्वी कोणी उलटी जोडली असेल, तर टोकं नुसती सरळ करून भागत नाही. डायनॅमोच्या लोखंडात उरलेलं चुंबकत्व उलटलेलं असतं, ते पुन्हा सरळ करावं लागतं. शेवरोलेच्या डेल्को डायनॅमोला इंजिन बंद असताना रेग्युलेटरची बॅटरी आणि डायनॅमोची टर्मिनलं वायरीच्या तुकड्यानं क्षणभर जोडतात. फोर्डला ती रीत लावायची नाही. तिची फील्डची वायर रेग्युलेटरवरून काढून बॅटरीच्या टर्मिनलला क्षणभर टेकवतात. हे न करता इंजिन सुरू केलं तर कटआउटचे पॉइंट जळून चिकटतात.

दुसऱ्या गाडीवरून चार्ज घेताना जास्त जपा. दोन्ही गाड्यांचे व्होल्ट सारखे हवेत. प्लसला प्लस, मायनसला मायनस हा नियम कायम. पण एक गाडी प्लस अर्थची आणि दुसरी मायनस अर्थची असेल, तर दोघींचे बंपर एकमेकांना टेकता कामा नयेत; ते टेकले की बॅटरी थेट शॉर्ट होते. तसंच, प्लस अर्थच्या गाडीत बाजारातला मोबाइल चार्जर किंवा नवा रेडिओ थेट बसवू नका. त्याचं धातूचं कवच मायनस असतं, ते डॅशबोर्डला लागलं की संपलं.

बरेच मालक विचारतात, प्लस अर्थ काढून मायनस करून टाकू का, सहाचे बारा व्होल्ट करू का. करता येतं, आणि रोज वापरायच्या गाडीला कोणी केलं तर मी अडवत नाही. पण जी गाडी जपायची म्हणून घेतली आहे, तिची अर्थ बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. प्लस अर्थनं ती गाडी कधीच अडत नव्हती. अडते ती रंगावर आवळलेल्या बोल्टानं, बारीक केबलीनं आणि हरवलेल्या पट्टीनं. ते तिन्ही दोष एका दुपारी निघतात, आणि मग सत्तर वर्षांची पिकअप सहा व्होल्टवर व्यवस्थित उचलते.

तेव्हा गाडी घरी असेल तर एवढं नक्की करा. पत्र्याच्या छोट्या पाटीवर गाडीचे व्होल्ट आणि चेसिसला जाणारं टोक ठळक अक्षरांत लिहा आणि ती पाटी बॅटरीच्या पेटीजवळ स्क्रूनं पक्की बसवा. पुढचा मेकॅनिक कोण येईल हे आपल्या हातात नाही, पण त्याच्या डोळ्यांसमोर खरी माहिती ठेवणं आपल्या हातात आहे.